जुनी नानी : ओळख आणि भाव

मधूभाऊ राऊत नाणी जमवत नाहीत. बोळिंजमध्ये त्यांना ओळखणाऱ्या निम्म्या लोकांना हे अजून कळलेलं नाही. कुणाच्या घरी आजेसासूच्या डब्यात राणीछाप रुपया निघाला, कुणाला केळीचा खड्डा खणताना हिरवा पडलेला ढब्बू पैसा मिळाला, की तो माणूस रुमालात बांधून मधूभाऊंकडे आणतो. मधूभाऊ नाणं हातातही घेत नाहीत. "छान आहे," म्हणतात, आणि लोखंडी कपाट उघडून एक पातळ, पिवळं पडलेलं पुस्तक काढतात.

"हे बघा. बहात्तर साली ह्याला साडेतीन रुपये भाव होता. आणि हा 'साडेतीन' बघा. 'ड'वरची मात्रा उडाली आहे, 'साडतीन' झालंय. माझ्याकडे ह्या सालाच्या अकरा प्रती आहेत. चारांत मात्रा आहे, सातांत नाही."

रुमालवाला थोडा वेळ माना डोलावतो, चहा पितो आणि गाठ परत मारून घरी जातो.

मधूभाऊ जमवतात ती जुन्या नाण्यांच्या भावांची पुस्तकं. त्यातही छापताना ज्यांचं काही वेगळं झालं ती. एखाद्या प्रतीत पान उलटं शिवलेलं असतं. एखाद्या सालात हिरवा कागद संपला म्हणून शेवटच्या शंभर प्रतींना गुलाबी वेष्टण लागलेलं असतं. चौतीस वर्षं त्यांनी पोस्टात टपाल वेगळं करण्याचं काम केलं. नाळे, वाघोली, गास, बोळिंज, ज्याचं पत्र त्याच्या कप्प्यात. अर्धवट पत्ता असला तरी अक्षराच्या वळणावरून ते कुणाच्या लेकाचं पत्र आहे हे सांगायचे. नोकरी संपली, पण डोळ्यांची सवय गेली नाही. नालासोपाऱ्यात एका रद्दीच्या दुकानात त्यांना एकाच सालाच्या दोन भावपुस्तिका सापडल्या आणि दोन्हींत एक ओळ जराशी वेगळी दिसली. तिथून हे सुरू झालं.

"लोक सोनं घेतात," आनंदीबाई, त्यांच्या पत्नी, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. "आमच्याकडे सोन्याच्या भावाची जुनी वर्तमानपत्रं घेतात."

पण आनंदीबाईंचं हे बोलणं एके दिवशी बंद झालं, तेही सांगायला हवं. अठ्ठ्याहत्तर सालच्या पुस्तिकेत 'शिवराई'च्या 'श'ला एक तडा गेलेला होता. अक्षर शिशाचं, छापता छापता दबून तडकलं होतं. मधूभाऊंनी त्या सालाच्या नऊ प्रती एका ओळीत मांडल्या आणि बायकोच्या हातात भिंग दिलं. पहिल्या प्रतीत 'श' धडधाकट. दुसरीत पोटाला केसाएवढी रेघ. तिसरीत ती रेघ वाढलेली. असं करत नवव्या प्रतीत अक्षराचे दोन तुकडे. पन्नास वर्षांपूर्वी कुठली प्रत आधी छापली, कुठली मागाहून, हे त्या अक्षराने स्वतःच सांगून ठेवलं होतं. आनंदीबाईंनी नऊही प्रती बघितल्या. मग भिंग खाली ठेवलं आणि त्यांचे हात आपोआप जोडले गेले, देवळावरून जाताना जुळतात तसे.

"बीजेपासून कोर वाढत जाते तसं आहे हो हे," त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून कपाटात कडुनिंबाचा पाला त्याच ठेवतात.

ह्या पुस्तिका गॉडफ्रे लोपीस नावाच्या माणसाने छापलेल्या. वसई गावात, पाचूबंदरकडे उतरणाऱ्या रस्त्याला त्याचा छापखाना होता. लग्नपत्रिका, चर्चच्या सणाच्या सूचना, सत्यनारायणाची आमंत्रणं, सगळं तिथे छापून व्हायचं. गॉडफ्रेला स्वतःला नाण्यांचं वेड, म्हणून दर दिवाळीला तो सोळा पानांची एक पुस्तिका काढायचा. 'जुनी नाणी : ओळख आणि भाव'. चौदा वर्षं काढली. तो गेल्यावर त्याच्या मुलीने, रोझमेरीने, उरलेल्या प्रतींची दोन पोती मधूभाऊंना देऊन टाकली, आणि त्या पोत्यांमध्ये चौऱ्याहत्तर सालच्या चार प्रती अशा निघाल्या की मधूभाऊंनी दोन दिवस त्या कुणाला दाखवल्या नाहीत.

प्रत्येक पानाच्या माथ्यावर पुस्तिकेचं नाव असायचं. 'जुनी नाणी'. ह्या चार प्रतींत मात्र चार पानांच्या माथ्यावर छापलं होतं, 'जुनी नानी'.

"हे कुणी केलं?" मधूभाऊंनी रोझमेरीला विचारलं होतं.

"पप्पांकडे खिळे जुळवायला सतरा वर्षांची एक मुलगी होती, भागू म्हणून," ती म्हणाली. शिशाच्या अक्षरांना छापखान्यात खिळे म्हणतात. "खाडीकडच्या गावातली. मामाकडे राहून यायची. तिनेच केलं. पप्पांनी लगेच मशीन थांबवून सुधारलं, पण तिला काढलं. मी लहान होते. लोक तिला चिडवायचे तेवढं आठवतं. जुनी नानी, जुनी नानी."

मधूभाऊंना ह्या गोष्टीचं फार अप्रूप वाटलं. एका गावची बोली शिशात उतरते आणि कागदावर राहते, ह्याचं. वसईच्या वाचनालयात छंदवाल्या मंडळींचा मेळावा होता, तिथे त्यांनी ह्यावर भाषण केलं. आयुष्यातलं पहिलंच भाषण. ते म्हणाले, "खाडीकाठचा माणूस पाणी पीत नाही, पानी पितो. तिथली भागू नाणी कशी जुळवणार? तिने नानीच जुळवली." सभागृह हसलं. पुन्हा हसलं. मंडळाचे चिटणीस रामनाथ तिथल्या तिथे म्हणाले, "मधूभाऊ, हेच लिहून द्या. स्मरणिकेत पहिला लेख तुमचा." मधूभाऊ त्या रात्री जेवताना दोनदा हसले. कुणीतरी भाषणाचं चित्रण केलं होतं, ते मोबाइलवरून गावभर फिरलं.

पुढच्या रविवारी दुपारी दारावरची घंटा वाजली. चाळिशीची एक बाई, खांद्याला ऑफिसची बॅग, चेहरा उन्हाने लाल झालेला.

"मधू राऊत काका तुम्हीच ना? मी संजना. नालासोपाऱ्याहून आले. तुमच्या व्हिडिओतली जी भागू आहे ना, ती माझी आई."

मधूभाऊंच्या तोंडचा सुपारीचा तुकडा तसाच राहिला. आनंदीबाई पाणी घेऊन आल्या. संजनाने ग्लास घेतला, पण ती पाणी प्यायली नाही.

"भांडायला नाही आले मी, काका. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे बाहेरचे लोक आहेत, त्यांची मुलं आईला नानी म्हणतात. दिवसभर नानी, नानी. आई कुणाला खोबऱ्याची वडी देते, कुणाचं दप्तर सांभाळते. तो व्हिडिओ तिला कुणीतरी दाखवला. त्यानंतर मुलांनी हाक मारली तर ती ओ देत नाही. चार दिवस झाले. दार लावून बसते. म्हणते, ह्यांना पण कळलं."

"अहो, पण मला..." मधूभाऊ म्हणाले. "मी नाव काढून टाकतो. लेख अजून छापायचा आहे. शुक्रवारपर्यंत वेळ आहे. नाव येणार नाही."

"नाव काढून काय होणार? तिला माहीत आहे ना ती कोण आहे." संजना आता पाणी प्यायली. "सातवी शिकलेली होती ती, गावातली पहिली मुलगी. त्या दिवसानंतर तिने कुणासमोर काही वाचलं नाही, काका. आमच्या भजनी मंडळात पोथी फिरते, एकेकीने पान वाचायचं. आई पोथी कपाळाला लावते आणि पुढे देते. चष्मा विसरला म्हणते. दर गुरुवारी विसरते."

आनंदीबाई खाली बसल्या.

"तिने कधी काही सांगितलं नाही? कसं झालं ते?" मधूभाऊंनी विचारलं.

"एकच सांगते. वेड्यासारखं तेच. 'खनात नच नव्हता.' आता तुम्हीच सांगा. न लावला म्हणून तर काढलं तिला, आणि ही म्हणते न नव्हता. त्या गॉडफ्रेंनाही तिने हेच सांगितलं होतं म्हणे, तर दुकानातले लोक आणखी हसले. माझ्या वडिलांना तर वाटायचं चोळीच्या खणाचं काहीतरी आहे." ती उठली. "तुम्हाला त्या पुस्तकांतलं समजतं म्हणून आले. तिने चूक केली असेल तर केली असेल. पण छापू नका हो परत."

ती गेल्यावर मधूभाऊ टेबलाशी येऊन बसले. रामनाथांना धाडलेल्या लेखाची मूळ तीन पानं टेबलावर होती, सुवाच्य अक्षरात, पोस्टातल्या माणसाच्या अक्षरात. ती त्यांनी वाचली. पहिल्यांदा वाचताना जिथे हसू आलं होतं तिथे आता त्यांना सभागृहातल्या लोकांचे दात दिसायला लागले.

सोमवार गेला, मंगळवार गेला. 'खनात नच नव्हता.' जेवताना, दाढी करताना मधूभाऊ तेच घोळवत होते. खण म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होतं. लाकडी पेटीत लहान लहान खण असतात, एकेका अक्षराचे खिळे एकेका खणात. पण न नसेल तर न छापला कसा?

बुधवारी सकाळी आनंदीबाई देवासाठी फुलं वेचून बसल्या होत्या. दारात कोळंबी विकायला येणारी बाई नुकतीच गेली होती, तिच्याशी झालेली घासाघीस अजून त्यांच्या तोंडात होती. "काय तर म्हणे, लसून घालून कर, मीठ बेतानं घाल, पानी नको टाकू. मला स्वयंपाक शिकवते." आणि एकदम त्यांचा हात फुलांवर थांबला.

"अहो."

"काय?"

"ती भागू तिकडचीच ना? मग तिच्या तोंडून ण यायचा तर कसा येईल?"

मधूभाऊंनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"ती न म्हणतच नव्हती हो," आनंदीबाई म्हणाल्या. "ती ण म्हणत होती. खणात ण नव्हता. तिच्या तोंडून बाहेर पडताना त्याचा न झाला, आणि ऐकणाऱ्यांनी न ऐकला. आपली बाजू मांडायला गेली बिचारी, तर ज्या अक्षराची गोष्ट तेच अक्षर तोंडात नाही."

मधूभाऊ उठले. अंघोळ राहिली होती, तसेच उठले. कपाटातून चौऱ्याहत्तर सालच्या सगळ्या प्रती काढल्या, 'नानी'वाल्या चार आणि सुधारलेल्या सहा. खिडकीशी पाट घेतला, भिंग घेतलं. आनंदीबाईंनी पूजा उरकली आणि हात पुसत शेजारी येऊन बसल्या.

छापताना चार पानं लोखंडी चौकटीत घट्ट बांधून एकत्र छापतात, त्या बांधणीला फर्मा म्हणतात. छापून होईपर्यंत त्यातलं अक्षर कुणाला काढता येत नाही. सोळा पानांच्या पुस्तिकेचे चार फर्मे. मधूभाऊंनी पहिल्या फर्म्यातले ण मोजायला घेतले. लग्नपत्रिकेला ण लागून लागणार किती? पण हे नाण्यांचं पुस्तक. नाणं, नाणी, आणा, दोन आणे, चार आणे, राणीछाप, आणि. पान उघडलं की ण. ते बोट ठेवून मोजत गेले आणि आनंदीबाई हातातल्या जपमाळेचा मणी सरकवत गेल्या, चूक होऊ नये म्हणून. पहिल्या फर्म्यात ब्याऐंशी ण निघाले. सगळे पुरे, अखंड.

मग दुसरा फर्मा. 'नानी'वाला. मधूभाऊंनी पहिल्याच ओळीवर भिंग धरलं आणि ते तसंच आनंदीबाईंकडे सरकवलं.

"बघ."

'चार आणे'मधला ण पुरा नव्हता. अर्धा ण आणि त्याच्या पुढे काना, असे दोन खिळे शेजारी ठेवून केलेला होता. दोघांच्या मध्ये केसाएवढी फट. नुसत्या डोळ्यांना कधी दिसली नसती. पुढचा ण तसाच. त्याच्या पुढचाही. अख्ख्या फर्म्यात एकही पुरा ण नव्हता. कुणीतरी खण रिकामा झाल्यावर अर्ध्याला काना जोडून एकेक ण घडवत चाललं होतं, सतरा वर्षांच्या बोटांनी, न कुरकुरता. अर्धे ण संपेपर्यंत. आणि ते संपल्यावर चारच जागा उरल्या होत्या. चार पानांच्या माथ्यावरच्या.

"आता सुधारलेल्या प्रती," मधूभाऊ म्हणाले.

सुधारलेल्या प्रतींत त्या चार जागी पुरे ण होते. त्यातल्या एकाचा पाय खालून तुटलेला होता. मधूभाऊंनी मागे जाऊन पहिल्या फर्म्यात शोधलं. 'राणीछाप' ह्या शब्दात तोच ण. तोच तुटका पाय, तिरकी कड तशीच. त्यांनी पातळ कागद ठेवून एक गिरवला आणि दुसऱ्यावर धरला. रेघेला रेघ बसली.

म्हणजे दुसरा फर्मा जुळवताना छापखान्यातले ण पहिल्या फर्म्यात अडकून पडले होते. पहिला छापून सुटल्यावरच त्यातले चार काढून इथे बसवता आले. मुलीला ण ठाऊक नव्हता असं नाही. ण तिच्या हाताशी नव्हता.

खिडकीतून ऊन आत सरकत सरकत पाटावर आलं होतं. एका मुलीने पन्नास वर्षांपूर्वी खरं सांगितलं होतं, आणि ते कुणाला ऐकू आलं नाही. पण तिच्या हाताखालच्या शिशाने ते ऐकलं होतं. ते कागदावर उतरवून ठेवलं होतं, पोत्यात, रद्दीत, कपाटात, कडुनिंबाच्या पाल्यात, कुणीतरी वाचावं म्हणून. मधूभाऊंनी ह्या प्रती शंभरदा हाताळल्या होत्या. आनंदीबाईंनी पदराने डोळे टिपले आणि हळदीकुंकवाचं तबक आणायला उठल्या. मधूभाऊंनी त्यांना अडवलं नाही.

मग त्यांनी रामनाथांना फोन लावला.

"तो लेख काढा."

"अहो मधूभाऊ, पानं लागली की. आणि काय तो विनोद, 'पानी पितो'. लेखाची सगळी जान त्यात आहे."

"ती जान काढा. शुक्रवारी दुसरा देतो."

"तसाच मजेदार ना?"

"नाही," मधूभाऊ म्हणाले.

गुरुवारी दुपारी ते आणि आनंदीबाई नालासोपाऱ्याला गेले. चौथा मजला, लांब अंधारी गॅलरी, दारादारांत चपला. संजनाने दार उघडलं, ती अर्धी रजा घेऊन थांबली होती. आत भागूबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी बसून सूपभर जवळा निवडत होत्या. बारीक अंगाची बाई, केस पांढरे, हातात हिरव्या बांगड्या. पाहुण्यांकडे त्यांनी वर बघितलंच नाही.

"आई, हे ते काका."

"बसा म्हनावं," भागूबाई सुपाशी म्हणाल्या. "च्या टाक त्यांना."

मधूभाऊ खुर्चीवर बसले नाहीत. ते खाली, सुपाच्या पलीकडे मांडी घालून बसले. वाटेत त्यांनी बरंच काही ठरवलं होतं, माफीचं, पुस्तकाचं. त्यातलं काही आठवेना.

"भागूताई," ते म्हणाले, "खणात ण नव्हता."

जवळ्यातली बोटं थांबली.

भागूबाईंनी वर बघितलं. आधी मधूभाऊंकडे, मग आनंदीबाईंकडे, मग परत मधूभाऊंच्या तोंडाकडे, तिथून तो शब्द खरंच आला का हे बघावं तसं.

"कोन बोललं तुमाला?"

"तुम्हीच बोललात. पन्नास वर्षं बोलताय. आम्हाला ऐकायला वेळ लागला."

भागूबाईंनी सूप बाजूला सरकवलं. बराच वेळ पदराला हात पुसत राहिल्या, पुसून झाले तरी.

"पहिला फर्मा बांदून दगडावर ठेवलेला," त्या म्हणाल्या. "सगले त्यात गेलेले. मी अर्ध्याला काना जोडत जोडत आले. ते पन सरलं. मंग म्हनलं, सकाली पहिला छापून सुटंल, तवा चार काडून इथं लावीन. ध्यानात ठेवलेलं मी, चार. सकाली पहिला छापला त्यांनी. मी जेवायला मामाकडं गेले. दिवाली दोन दिवसांवर, गिऱ्हाइकं दारात. गॉडफ्रेशेटनी घाई केली, दुसरा फर्मा चडवला. मी आले तर सत्तर कागद छापून झालेलं."

"सत्तर?" मधूभाऊंच्या तोंडून निघून गेलं. तो आकडा जगात कुणालाच माहीत नव्हता.

"सत्तर. ते मानूस वाईट नवते हां. माज्या भावाची पत्रिका त्यांनी फुकट छापली. पन चारचौगांत चूक दिसली की कुनालातरी बोलायचं असतं." त्या थांबल्या. मग आवाज खाली आणून, जपून विचारावं तसं त्यांनी विचारलं, "लंगडा कुटं गावला तुमाला?"

"कोण?"

"एक होता. पाय तुटका. मी त्याला लंगडा म्हनायची. कुनी बगू नये म्हनून त्याला मी पानाच्या मदी लपवायची, रानीछापमदी नायतर कुटं. शेटना ठाव नवतं. त्यांनी चार काडले तर तो पन वर आला असंल, माथ्यावर."

पिशवीत पुस्तिका तशाच होत्या, अजून त्यांनी एकही काढून दाखवली नव्हती. पातळ कागदावर गिरवलेला तो पाय, ती तिरकी कड, आणि समोर बसलेली ही बाई त्याचं नाव घेत होती. एखाद्या मूर्तीचं कधी कुणाला न सांगितलेलं नाव पुजारणीने सहज उच्चारावं तसं. त्यांनी प्रत काढली, पान उघडलं आणि भिंग भागूबाईंपुढे धरलं.

भागूबाईंनी भिंग घेतलं नाही. पान डोळ्यांजवळ नेलं. चष्म्याचं त्या काही बोलल्या नाहीत.

"हाच," त्या म्हणाल्या आणि त्यावर अंगठा ठेवला. "म्हातारा झाला नाय."

आनंदीबाई भिंतीकडे बघायला लागल्या. संजना चहाचा ट्रे हातात घेऊन उभीच होती.

मधूभाऊंनी नव्या लेखाचे कागद काढले. "मी सगळं लिहिलंय. तुमची काहीच चूक नव्हती, हे. तुमच्या बोलीचा ह्यात काही संबंध नव्हता, हे पण. वाचून दाखवू?"

"काय संबंद नवता?" भागूबाईंच्या कपाळाला आठी पडली. "तसं नका लिव्हू. खोटं होईल."

"म्हणजे?"

"खिला नसला तर त्या जागी उलटा खिला लावायचा असतो. कुटलाबी, पाय वर करून. म्हंजे काला ठिपका दिसतो, कुनीबी बगितलं तरी कलतं, हितं काय तरी राहिलंय. सगले तसंच करतात. मी न लावला." आता त्यांच्या तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "नानी. माज्या डोल्याला त्यात काय खटकलंच नाय. घरी आमी नानीच म्हनतो. ठिपका लावला असता तर शेटला पन दिसलं असतं. ती मात्र माजी जीब. तुमचं अर्दं बराबर होतं, भाऊ."

"मग ते लिहू?"

"लिव्हा. पन आदी खनाचं लिव्हा. मंग जिबेचं."

मधूभाऊंनी खिशातलं पेन काढलं आणि तिथेच, जमिनीवर, कागद गुडघ्यावर ठेवून बोलीची ती ओळ खोडली आणि लेखाच्या शेवटी आधी खणाच्या, मग जिभेच्या अशा चार ओळी घातल्या. लिहून झाल्यावर कागद भागूबाईंपुढे केला. "वाचा बरं. काही चुकलं असेल तर."

संजनाने ट्रे खाली ठेवला. आनंदीबाईंना मंडळातली पोथी आठवली असावी, त्यांनी नवऱ्याच्या पाठीला हळूच बोट लावलं, असू द्या म्हणून. पण भागूबाईंनी कागद घेतला होता. त्यांनी मनात वाचलं नाही. मोठ्याने वाचलं, सावकाश, एकेका शब्दावर बोट ठेवत.

"'चौऱ्याहत्तर सालच्या पुस्तिकेत..." त्या थांबल्या. पुढच्या शब्दात ण होता. त्यांनी एकदा संजनाकडे बघितलं. "'...नान्यांच्या नावात जो न छापला गेला, त्याचं कारन असं की छापखान्याच्या खनातले सगले न संपले होते.'"

कुणी हसलं नाही. त्यांनी चारही ओळी वाचल्या. मग एका शब्दाखाली नखाने रेघ ओढली.

"हितं 'काना' लिव्हलंय तुमी, तर 'जोडून' एवडंच लिव्हा. 'चिटकवून' नको. चिटकवत नसतात, शेजारी उभं करतात."

मधूभाऊंनी 'चिकटवून' खोडलं आणि 'जोडून' लिहिलं.

बाहेर गॅलरीत शाळेतून आलेल्या मुलांच्या चपलांचा आवाज झाला. दारावर थाप पडली आणि एका मुलीचा आवाज, आठ दिवस रोज मारून पाहिलेल्या हाकेचा, आता फारशी आशा न ठेवलेला.

"नानी?"

संजना दाराकडे वळली. भागूबाई गुडघ्यावर हात टेकून तिच्या आधी उठल्या.

"ओ," त्या म्हणाल्या. "आले, थांब."